डॉबरमनच्या मानेच्या मणक्यांचा आजार: औषधांवर सांभाळावे की शस्त्रक्रिया करावी?

रंकाळा (कोल्हापूर)

नमस्कार. आमच्याकडे साडेसहा वर्षांचा, 38 किलो वजनाचा डॉबरमन आहे. त्याचे नाव शेरा. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या चालण्यात फरक दिसू लागला. मागचे पाय एकमेकांपासून लांब पडतात, वळताना कंबर बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि गुळगुळीत फरशीवरून उठताना पाय पसरतात. मागच्या पायांच्या मधल्या बोटांची नखे वरच्या बाजूने घासून बोथट झाली आहेत, आणि सिमेंटच्या रस्त्यावर ती खरडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो विव्हळत नाही, जेवण व्यवस्थित आहे, लघवी आणि शौच यांवर ताबा आहे.

आमच्या डॉक्टरांनी प्रथम खुब्याच्या सांध्यांचा एक्स-रे काढला. सांधे वयाच्या मानाने चांगले निघाले. गोचीडतापाची रक्ततपासणीही निर्दोष आली. त्यानंतर स्टेरॉइड सुरू केल्यावर तो पुष्कळ सुधारला, पण औषध बंद होताच थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा चालू लागला. आता दुसऱ्या एका डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला जात असल्याची शंका व्यक्त केली आहे, या आजाराला वॉब्लर म्हणतात असे सांगितले आहे आणि एमआरआयसाठी मुंबईला किंवा पुण्याला जाण्यास सुचवले आहे.

लटपटतात ते मागचे पाय, मग दोष मानेत कसा असू शकतो? एमआरआयसाठी इतक्या लांब नेणे आणि पूर्ण भूल देणे खरोखर आवश्यक आहे का? शस्त्रक्रिया न करता असा कुत्रा सुखाने जगू शकतो का? आमच्या एका नातेवाइकांनी माणसांच्या माना बसवणाऱ्या हाडवैद्यांकडे नेण्याचा आग्रह धरला आहे, त्याबद्दलही मत हवे आहे. शेरा आमच्या मुलांबरोबर वाढलेला आहे. त्याच्यासाठी जे योग्य असेल ते आम्हाला करायचे आहे, फक्त ते योग्य काय आहे हे नीट कळले पाहिजे.

पशुशल्य (पशुवैद्यक, मुंबई)

आपण लक्षणे फार नेमकी टिपली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही: हाडवैद्यांकडे कृपया नेऊ नका. ज्या मानेत मज्जारज्जूवर दाब असण्याची शंका आहे, त्या मानेला झटका देणे, ती पिरगळणे किंवा ताणणे यामुळे आज चालत असलेला कुत्रा चारही पायांनी लुळा पडू शकतो. मग तो हात कितीही अनुभवी असो.

आता मूळ प्रश्न. कुत्र्याच्या मानेत 7 मणके असतात, आणि मेंदूकडून चारही पायांकडे जाणारा सगळा मज्जारज्जू त्या मणक्यांच्या पोकळीतून जातो. मागच्या पायांशी संबंधित लांब तंतू मज्जारज्जूच्या बाहेरच्या थरांत असल्यामुळे मानेत बाहेरून दाब आला की पहिला फटका त्यांना बसतो. पुढच्या पायांवर परिणाम पुष्कळदा नंतर आणि कमी प्रमाणात दिसतो. म्हणून या आजाराचे बहुतेक रुग्ण आमच्याकडे 'मागच्या पायांचा त्रास' म्हणूनच येतात, आणि खुब्याच्या एक्स-रेमध्ये वेळ जातो. शेराच्या चालण्याचा व्हिडिओ बाजूने, मागून आणि वळताना असा तीन बाजूंनी काढा. अशा कुत्र्यात मागचे पाय लांब, सैल आणि डुलते पडतात, तर पुढचे पाय आखूड आणि ताठ पडतात, जणू दोन वेगळ्या कुत्र्यांचे अर्धे भाग एकत्र जोडले आहेत. मान खाली धरून चालणे आणि खांद्याच्या फऱ्यावरचे स्नायू झिजून तेथील हाडाची कड हाताला लागणे हीही लक्षणे पाहून ठेवा. मानेत स्पष्ट वेदना असलीच पाहिजे असे नाही. तो विव्हळत नाही म्हणून मान निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

या नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळे प्रकार येतात. डॉबरमनमध्ये सामान्यतः मध्यम वयात, मानेच्या खालच्या भागात, म्हणजे पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या दरम्यान चकती (दोन मणक्यांमधली गादी) खराब होऊन वर सरकते आणि मज्जारज्जूला खालून दाबते. या जातीच्या अनेक कुत्र्यांत मणक्यांची पोकळी जन्मतःच अरुंद असते आणि चकत्या तुलनेने जाड असतात, त्यामुळे मज्जारज्जूला मागे सरकायला जागाच उरत नाही. दुसरा प्रकार ग्रेट डेन, मॅस्टिफ अशा अवाढव्य जातींत, तोही तरुण वयात दिसतो. तेथे मणक्यांमधले छोटे सांधे आणि आजूबाजूचे हाड वाढून बाजूंनी किंवा वरून दाब येतो. शेराचे वय, जात आणि स्टेरॉइडला मिळालेला प्रतिसाद पाहता पहिला प्रकार संभवतो. मात्र स्टेरॉइडने सुधारणे हे निदान नव्हे, कारण मज्जारज्जूची सूज कमी करून ते इतरही अनेक आजारांत काही काळ बरे वाटायला लावते.

म्हणूनच एमआरआय. साध्या एक्स-रेमध्ये मणक्यांमधले अंतर कमी झालेले दिसू शकते, मणक्यातील जंतुसंसर्ग, गाठ किंवा मोडलेले हाड ओळखता येते, पण मज्जारज्जू दिसत नाही. दाब कोठे आहे, किती ठिकाणी आहे आणि मज्जारज्जूच्या आत कायमची इजा झाली आहे का, हे त्यातून कळत नाही. एक सावधगिरी एमआरआयबाबतही बाळगावी लागते. लक्षणे अजिबात नसलेल्या काही डॉबरमनच्या एमआरआयमध्येही दाब आढळतो, त्यामुळे प्रत्यक्ष तपासणी आणि चित्र यांचा मेळ बसतो की नाही हे चेतासंस्थेचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकानेच पाहायला हवे. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातले रुग्णालय आहे, महालक्ष्मीला 2024 साली सुरू झालेले टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय आहे. निघण्यापूर्वी एमआरआयची वेळ, भूलतज्ज्ञ आणि अहवाल कोण वाचणार याची दूरध्वनीवर खात्री करून घ्या.

भूल देण्यापूर्वी डॉबरमनच्या बाबतीत तीन गोष्टी मी कधीही टाळत नाही. पहिली, हृदय. या जातीत हृदयाचे स्नायू पातळ आणि दुबळे होण्याचा आजार इतका आढळतो की, युरोपातील एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक डॉबरमनमध्ये तो आयुष्यात केव्हा ना केव्हा दिसून आला. बाहेरून धडधाकट दिसणारा कुत्रा भुलेखाली दगावू शकतो. त्यामुळे इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आणि शक्य असल्यास 24 तासांचे होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद) आधी करून घ्यावे. दुसरी, रक्त गोठण्याची क्षमता. वॉन विलेब्रँड या आनुवंशिक दोषाचे प्रमाण डॉबरमनमध्ये जास्त आहे. ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन रक्त थांबण्यास लागणारा वेळ मोजण्याची चाचणी सोपी आहे. तिसरी, थायरॉइड.

तोपर्यंत आजपासूनच गळ्यातला पट्टा काढा आणि छातीवर बसणारा हार्नेस वापरा. माणसांची वेदनाशामके, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही देऊ नका. स्टेरॉइड आणि वेदनाशामक ही दोन औषधे एकत्र दिल्यास जठरात रक्तस्राव होऊ शकतो. काळी, डांबरासारखी शी किंवा रक्ताची उलटी दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जा. आणि दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकदम बंद करू नका, ते टप्प्याटप्प्यानेच उतरवावे लागते.

सिंहगड रोड (पुणे)

डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकाराचा उल्लेख केला, त्याचा अनुभव आमच्या घरी आहे. आमची ग्रेट डेन मादी दोन वर्षांची होण्याआधीच डुलत चालू लागली. एमआरआयमध्ये एकाहून अधिक ठिकाणी दोन्ही बाजूंनी दाब दिसला, आणि इतक्या जागा एकाच वेळी मोकळ्या करण्यातला धोका ऐकल्यावर आम्ही औषधोपचारांचा मार्ग निवडला. ती आजही आमच्याबरोबर आहे. तिची चाल पाहून अनोळखी माणसे थांबतात आणि हळहळतात, पण ती स्वतः आनंदी असते, दारावर येणाऱ्या प्रत्येकाला ओळखते आणि अंगणात स्वतःच्या पायांनी जाते.

औषधोपचार म्हणजे गोळ्या देणे आणि वाट पाहणे, असे मला आधी कोणीतरी सांगितले होते. ते खरे नाही. पहिले काही आठवडे आम्ही तिला एका खोलीपुरते बांधून ठेवले. उड्या, जिने, दुसऱ्या कुत्र्यांबरोबरची झटापट, चेंडूमागे धावणे सगळे बंद. मोठ्या कुत्र्याला असे थांबवणे फार कठीण असते आणि घरातल्या प्रत्येकाने ते पाळले तरच त्याचा उपयोग होतो, कारण एका पाहुण्याने उत्साहाने दिलेली एक हाक आणि तिने घेतलेली एक उडी एवढ्याने आठवड्याची कमाई जाते. स्टेरॉइडची मात्रा डॉक्टरांनी हळूहळू खाली आणली. त्या काळात तिला प्रचंड तहान आणि भूक लागत असे. भुकेला बळी पडून वाटी भरली की वजन वाढते आणि तेच वजन पुन्हा त्या दुबळ्या पायांवर येते. तेव्हा मन घट्ट करून मोजून खायला घाला.

ग्रेट डेनची पिले घेणाऱ्यांसाठी येथे थोडे विषयाला जोडून लिहिते, कारण मला याची फार तळमळ आहे. आपल्याकडे मोठ्या जातीचे पिलू घरी आले की 'हाडे मजबूत होण्यासाठी' कॅल्शियमचे सिरप सर्रास सुरू केले जाते आणि वाढ जितकी जलद तितके कौतुक होते. 1974 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या कामात भरपूर खाऊ घातलेल्या ग्रेट डेनच्या पिलांमध्ये सांगाड्याचे अनेक दोष दिसून आले, आणि पुढे नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात याच जातीच्या पिलांवर झालेल्या अभ्यासातून जादा कॅल्शियमचे दुष्परिणाम पुढे आले. लहान पिलांच्या शरीराला आतड्यातून येणारे जादा कॅल्शियम पुरेसे अडवता येत नाही. मोठ्या जातीच्या पिलांसाठी बनवलेला संतुलित आहार मिळत असेल तर वर कॅल्शियम घालू नये, आणि पिलू सडसडीतच वाढवावे. आमच्या कुत्रीचा आजार यामुळेच झाला असे मी म्हणत नाही, आनुवंशिकतेचा वाटा त्यात असतोच. पण जे आपल्या हातात आहे ते तरी करावे.

तोल (प्राण्यांची फिजिओथेरपी, ठाणे)

घरातील व्यवस्थेबद्दल लिहिते, कारण या आजारात कुत्रा दिवसाचे जवळजवळ सगळे तास डॉक्टरांच्या नजरेआड, आपल्या घरात काढतो.

सर्वांत मोठा शत्रू आपली फरशी आहे. पायाची जाणीव कमी झालेल्या कुत्र्याला पाय घसरत असल्याचे उशिरा कळते, आणि स्वतःला सावरताना तो मानेला झटका देतो. ज्या वाटेने तो झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत, दारापर्यंत आणि तुमच्या खोलीपर्यंत जातो, त्या सगळ्या वाटेवर रबरी पाठ असलेल्या चटया किंवा योगासनाच्या चटया सलग, मध्ये फट न ठेवता अंथरा. सतरंजी नुसती टाकल्यास ती पायाखालून सरकते आणि फरशीपेक्षा धोकादायक ठरते. पंजांच्या गाद्यांमधले केस छोटे ठेवा. पावसाळ्यात ओले पंजे पुसल्याशिवाय त्याला आत चालू देऊ नका.

खाण्यापिण्याची भांडी साधारण छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे मान जमिनीपर्यंत वाकवावी लागणार नाही आणि वर ताणावीही लागणार नाही. मान वर उचलली जाते त्या स्थितीत अनेक कुत्र्यांत दाब वाढतो. त्यामुळे बिस्किट वर धरून 'बस' म्हणण्याची सवय सर्वांनी सोडावी. खाऊ नाकाच्या पातळीवर, समोरून द्यावा.

उठायला आणि बाहेर नेताना आधार लागत असेल तर बाजारातला मागच्या भागाचा हार्नेस उत्तम. तो मिळेपर्यंत जुने सुती लुगडे किंवा मोठा पंचा रुंद घडी घालून पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घ्या आणि दोन्ही टोके वर धरून चाला. नराच्या बाबतीत पट्टी लघवीच्या जागेवर दाबली जात नाही ना हे पाहा. आधार म्हणजे उचलून नेणे नव्हे. पायांनी जेवढे वजन घेता येईल तेवढे त्यांनी घ्यावे, फक्त पडू द्यायचे नाही.

व्यायाम निदान झाल्यावर आणि शल्यचिकित्सकांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावेत. सुरुवात साधी असते: चारही पाय सरळ खाली ठेवून काही क्षण उभे राहणे, मग कंबरेला अगदी हलका धक्का देऊन त्याला स्वतःचा तोल सावरू देणे, पुढे मऊ गादीवर उभे राहणे, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्या सावकाश ओलांडणे. पाण्याखालचा ट्रेडमिल जेथे उपलब्ध असेल तेथे फार उपयोगी पडतो, कारण पाणी वजन तोलून धरते आणि पावले मोजून पडतात. तलावात किंवा विहिरीत मोकळे पोहायला मात्र सोडू नका; पोहताना कुत्रा मान वर ताणतो, आणि येथे तेच टाळायचे आहे.

नखे वरून घासून रक्त येत असेल तर बाहेर जाताना मोजे किंवा पंजांचे बूट घाला आणि घरी येताच काढा, नाहीतर आत घाम आणि ओल राहून बोटांमध्ये जखमा होतात. शेरा अजून चालतो आहे, त्यामुळे झोपून होणाऱ्या जखमांची चिंता आज नाही. तरी कोपरांखाली जाड गादी असू द्या.

रंकाळा (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे सगळे करून मग येथे परत आलो आहे. हृदयाचा इको आणि होल्टर दोन्ही समाधानकारक आले, रक्त थांबण्याची वेळ योग्य निघाली, थायरॉइडही ठीक आहे. एमआरआयमध्ये सहाव्या-सातव्या मणक्यांच्या दरम्यान चकतीचा ठळक दाब आहे आणि मज्जारज्जूच्या आत त्या जागी काही बदल दिसतात. पाचव्या-सहाव्याच्या दरम्यान दाब सौम्य आहे. मानेला ताण देऊन पुन्हा चित्र घेतले तेव्हा मुख्य दाब बराच कमी झाला, असे अहवालात लिहिले आहे.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि औषधोपचार हे दोन्ही मार्ग खुले असल्याचे सांगितले आणि निर्णय आमच्यावर सोडला. चटया, हार्नेस, भांड्यांची उंची हे सगळे झाले आहे आणि स्टेरॉइडच्या कमी मात्रेवर तो सध्या बरा आहे. पडत नाही, पण डुलतो. अशा कुत्र्याच्या मानेवर शस्त्रक्रिया करावी का? आकड्यांत काही सांगता येत असेल तर सांगावे.

पशुशल्य (पशुवैद्यक, मुंबई)

आकडे आहेत, मात्र ते कसे वाचायचे हेही सांगितले पाहिजे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराच्या 104 कुत्र्यांची माहिती होती. त्यांपैकी 37 जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि 67 जणांवर औषधोपचार झाले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 81 टक्के सुधारले, औषधोपचारांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे 54 टक्के सुधारले आणि आणखी 27 टक्के होते तसेच राहिले. येथवर शस्त्रक्रियेचे पारडे जड आहे. परंतु त्याच अभ्यासात दोन्ही गटांचे आयुष्यमान जवळजवळ सारखे, मध्यक (निम्मे कुत्रे याहून जास्त, निम्मे कमी जगले असा आकडा) सुमारे 36 महिने एवढे निघाले. म्हणजे शस्त्रक्रियेने चालणे सुधारण्याची शक्यता वाढते, पण आयुष्य तेवढ्याने वाढतेच असे नाही. शिवाय कोणत्या कुत्र्याला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. डॉक्टर आणि पालक यांनी ठरवले होते, त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीपासून सारखे होते असे धरता येत नाही.

ताण दिल्यावर दाब कमी झाला, ही बाब महत्त्वाची आहे. त्याचा अर्थ दाबाचा काही भाग हालचालीवर अवलंबून आहे, आणि अशा वेळी दोन मणक्यांमधले अंतर वाढवून ते धातूच्या पट्ट्या, स्क्रू किंवा हाडाच्या सिमेंटने स्थिर करण्याची पद्धत विचारात घेतली जाते. ताणाने फरक न पडणारा, चकतीचाच दाब असेल तर गळ्याच्या बाजूने जाऊन मणक्यात खिडकी पाडून चकतीचा भाग काढतात. कृत्रिम चकती बसवण्याची पद्धतही काही ठिकाणी वापरली गेली आहे. ग्रेट डेनसारख्या रुग्णांत वरच्या बाजूने हाडाचे छत काढून मज्जारज्जू मोकळा करतात. त्यानंतर सुरुवातीला कुत्रा आधीपेक्षा अधिक अशक्त होणे हे इतके नेहमीचे आहे की पालकांनी त्याची तयारी ठेवूनच संमती द्यावी.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे 20 टक्के कुत्र्यांत पुढे काही काळाने शेजारच्या मणक्यांत नवा दाब तयार होतो. एक सांधा स्थिर केला की त्याची हालचाल शेजारच्यावर जाते, हे त्यामागचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. शेराच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांत आधीच सौम्य दाब असल्यामुळे हा मुद्दा त्याच्या बाबतीत अधिक गांभीर्याने घ्यायला हवा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते असे. कुत्रा स्वतः उठतो, पडत नाही, कमी मात्रेवर स्थिर आहे, तर काही आठवडे काटेकोर औषधोपचार, मर्यादित हालचाल आणि फिजिओथेरपी यांना प्रामाणिक संधी द्यावी आणि दर भेटीत एकाच जागी, त्याच कोनातून व्हिडिओ काढून तुलना करावी. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना सावकाश होणारी घसरण दिसत नाही. औषध उतरवताच तो प्रत्येक वेळी खाली येत असेल, मात्रा वाढवावी लागत असेल किंवा पुढचे पाय अडखळू लागले, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये, कारण चालू शकणाऱ्या कुत्र्याचे परिणाम आडव्या पडलेल्या कुत्र्यापेक्षा चांगले असतात. शल्यचिकित्सकांना थेट विचारा की ही शस्त्रक्रिया त्यांनी किती वेळा केली आहे, आणि नंतरचे काही दिवस रात्रंदिवस देखरेखीची सोय कोठे आहे. हा प्रश्न विचारण्यात कोणताही अनादर नाही.

वैनगंगा (नागपूर)

आमच्या डॉबरमनवर अशीच शस्त्रक्रिया झाली असल्याने नंतरच्या काळाबद्दल थोडेसे. शस्त्रक्रिया टेबलावर संपते, पण उपचार घरी पुढचे दोन-तीन महिने चालतात. दर काही तासांनी कूस बदलणे, लघवी पूर्ण होते का पाहणे, मूत्राशय तुंबले असेल तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे हाताने रिकामे करणे, गादी कोरडी ठेवणे, यांसाठी घरात निदान दोन धडधाकट माणसे लागतात, कारण 35-40 किलोचे जनावर एकट्याला मान सरळ ठेवून उचलता येत नाही. ज्यांच्या घरी हे शक्य नाही त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली तर त्यांना कमी माया आहे, असे कोणी समजू नये. आमचा कुत्रा पुन्हा चालला. मात्र पळण्यातली पूर्वीची ऐट परत आली नाही, आणि तशी अपेक्षा ठेवू नका.

रंकाळा (कोल्हापूर)

डॉक्टर, आपण सुचवल्याप्रमाणे सध्या औषधोपचारच चालू ठेवण्याचे घरी ठरले आहे आणि व्हिडिओची तुलनाही सुरू केली आहे. दोन शंका उरल्या आहेत. शेराची गेल्या वर्षी झालेली पिले आता ओळखीच्या घरी वाढत आहेत. त्यांची आताच तपासणी करावी का? आणि घरी असताना नेमके काय दिसले तर रात्री-अपरात्रीही वाट न पाहता निघावे?

पशुशल्य (पशुवैद्यक, मुंबई)

लक्षणे नसलेल्या पिलांचा एमआरआय काढण्याचा मी सल्ला देणार नाही. आधी लिहिल्याप्रमाणे निरोगी डॉबरमनमध्येही दाब दिसू शकतो, आणि त्या चित्रावरून पुढे कोण आजारी पडेल हे सांगता येत नाही. त्यांच्या घरच्यांना मात्र आजाराची कल्पना द्या, पहिल्यापासून हार्नेस वापरायला सांगा, वजन आटोक्यात ठेवायला सांगा आणि चालण्यात बदल दिसल्यास खुब्याबरोबर मानेचीही तपासणी करून घ्यायला सांगा. शेराची पैदास यापुढे करू नये, आणि त्याच्या पिलांपासून पैदास करणेही टाळलेलेच बरे. आजाराचा नेमका आनुवंशिक मार्ग निश्चित झालेला नसला तरी तो याच जातीत वारंवार दिसतो, एवढे कारण पुरेसे आहे.

दुसऱ्या शंकेबाबत: तो अचानक उठू शकला नाही किंवा चारही पाय सैल पडले, मान हलवताच किंचाळू लागला, अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लघवी झाली नाही आणि पोटाचा खालचा भाग फुगून घट्ट लागला, किंवा श्वास उथळ आणि केवळ पोटाने चालला आहे असे वाटले, तर सकाळची वाट पाहू नका. यांतले श्वासाचे लक्षण सर्वांत गंभीर समजा. निघताना त्याला हातांवर उचलू नका. एक जाड फळी किंवा काढता येणारे कपाटाचे दार त्याच्या शेजारी सरकवा, दोन माणसांनी डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला त्यावर घ्या, दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावून मान हलणार नाही अशी सोय करा, आणि गाडीच्या मागच्या भागात फळीसकट आडवे ठेवा. एमआरआयची सीडी, शेवटच्या गोळीची वेळ आणि मात्रा लिहिलेला कागद बरोबर घ्या. ही फळी आजच शोधून दाराजवळ ठेवा, आणि घरातल्या मोठ्या मुलांनाही ती कशी वापरायची ते एकदा दाखवून ठेवा.